रिटायर्ड हर्ट ८१

क्रिकेटच्या जुन्या धावफलकांत एक नोंद अशी आहे की नवख्या वाचकाला ती छापण्यातली चूक वाटावी. एप्रिल १९७६, किंग्स्टन, जमैका. भारताचा दुसरा डाव : ९७ धावा, बळी पाच, आणि तरीही डाव संपलेला. उरलेल्या पाच नावांपुढे ‘जायबंदी, अनुपस्थित’ असा शेरा आहे : गायकवाड, विश्वनाथ, ब्रिजेश पटेल, बेदी आणि चंद्रशेखर. अकरापैकी पाच माणसे खेळायला उभीच राहू शकत नव्हती.

यातले पहिले नाव अंशुमन गायकवाड यांचे. पहिल्या डावात त्यांच्या नावापुढे ‘रिटायर्ड हर्ट ८१’ अशी नोंद आहे. भारतीय क्रिकेटचा इतिहास सांगताना ही ८१ धावांची खेळी आपण धैर्याचा दाखला म्हणून सांगतो, हळहळतो आणि पुढे जातो. माझ्या मते हा त्या खेळीवर अन्याय आहे. ती धैर्याची होतीच, पण त्याआधी ती उत्तम बचावाची खेळी होती. संघाला तिने नेमके काय दिले, ते मोजताही येते.

गायकवाड बडोद्याचे, आणि बडोदा कोल्हापूरकरांना परके नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या पत्नी लक्ष्मीबाई बडोद्याच्या खानविलकरांच्या कन्या, राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई बडोद्याच्या राजघराण्यातल्या. दोन्ही संस्थानांनी तालमी पोसल्या, मल्ल पोसले आणि क्रिकेटलाही आसरा दिला. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, ज्यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या, तेही एके काळी बडोद्याकडून खेळले. सांगलीचे विजय हजारे तर बडोद्याचेच होऊन गेले. अंशुमन यांचे वडील दत्ताजीराव गायकवाड याच बडोद्याचे कर्णधार. त्यांच्या हाताखाली १९५७-५८ मध्ये बडोद्याने रणजी करंडक जिंकला आणि १९५९ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर ते भारताचे कर्णधार होते. १९५३ मध्ये वेस्ट इंडिजला गेलेल्या संघातही ते होते. त्या संघाचे कर्णधार हजारे, आणि आपल्या कोल्हापुरात जन्मलेले दत्तू फडकर हेही त्या संघात. त्या दौऱ्यात झेलासाठी धावताना दत्ताजीराव आणि हजारे एकमेकांवर आदळले आणि दत्ताजीरावांचा खांदा निखळला. वेस्ट इंडिजमधून दुखापत घेऊन परतणे या घरात मुलाच्याही आधी घडून गेले होते.

आणि १९६२ तर अजून कोणी विसरले नव्हते. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला, कवटीला तडा गेला, शस्त्रक्रिया झाल्या. रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल होते, आणि आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर. सोलापुरात जन्मलेले हेच उम्रीगर १९७६ च्या दौऱ्यावर भारताचे व्यवस्थापक म्हणून गेले होते. चेंडू डोक्यावर बसला म्हणजे काय होते, हे त्या ड्रेसिंग रूममध्ये त्यांच्याइतके जवळून कोणी पाहिले नव्हते.

किंग्स्टनला जे घडले त्याचे मूळ पंधरवडाभर आधी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये आहे. वेस्ट इंडिजचा संघ नुकताच ऑस्ट्रेलियातून पाच-एक अशी मालिका हरून आला होता. लिली आणि थॉमसन यांनी त्यांच्या फलंदाजांना वेगाने भाजून काढले होते. घरी आल्यावर ब्रिजटाऊनची पहिली कसोटी त्यांनी डावाने जिंकली, दुसरी अनिर्णित राहिली. तिसरी खरे तर गयानात व्हायची, पण पावसामुळे ती पोर्ट ऑफ स्पेनलाच हलवली. वेस्ट इंडिजचा कर्णधार क्लाइव्ह लॉइडने शेवटच्या डावात भारतापुढे ४०३ धावांचे लक्ष्य ठेवले आणि तीन फिरकी गोलंदाजांवर विसंबून राहिला. गावसकर १०२, विश्वनाथ ११२, मोहिंदर अमरनाथ ८५, ब्रिजेश पटेल नाबाद ४९. भारताने चार बळी गमावून ४०६ धावा केल्या. चौथ्या डावात चारशेच्या वर धावा करून कसोटी जिंकणे त्याआधी फक्त एकदा, १९४८ मध्ये ब्रॅडमनच्या संघाला साधले होते.

लॉइडने त्या पराभवातून आपला धडा घेतला. फिरकीवर जिंकता येत नाही, तर वेगावर जिंकायचे. मालिका एक-एक अशी बरोबरीत होती, निकाल किंग्स्टनला लागणार होता. तिथे मायकेल होल्डिंग, वेन डॅनियल, बर्नार्ड ज्युलियन आणि व्हॅनबर्न होल्डर असे चार वेगवान गोलंदाज एकदम उतरले. होल्डिंग बावीस वर्षांचा आणि त्याच गावचा पोरगा. सबाईना पार्कची खेळपट्टी नव्याने तयार केलेली होती. एका टोकाकडून चेंडू कधी छातीवर येई, कधी त्याच टप्प्यावरून गळ्यावर. हेल्मेट तेव्हा कसोटी क्रिकेटमध्ये आलेलेच नव्हते. ते पहिल्यांदा दिसले दोन वर्षांनी, ब्रिजटाऊनला, ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम यॅलपच्या डोक्यावर. प्रत्येक फलंदाजाला षटकात एकच बाऊन्सर, हा नियम यायला १९९१ उजाडले.

२१ एप्रिलला भारताची फलंदाजी सुरू झाली. सलामीला सुनील गावसकर आणि अंशुमन गायकवाड.

गायकवाड तेव्हा तेवीस वर्षांचे. उंच, चष्मा लावणारे. कसोटी पदार्पण डिसेंबर १९७४ मध्ये कोलकात्याला, वेस्ट इंडिजविरुद्धच. ते हुकुमी फटकेबाज नव्हते. त्यांची ताकद चेंडूच्या रेषेमागे उभे राहण्यात होती. उंच माणसाला आखूड चेंडू सोडणे अवघड जाते असे म्हणतात, कारण वाकायला वेळ लागतो. गायकवाड बहुतेक वेळा वाकतच नसत. चेंडू यष्टींवर किंवा छातीवर येत असेल तर बॅट सरळ, हात खाली आणि नजर शेवटपर्यंत चेंडूवर. नाहीतर तो अंगावर घ्यायचा. किंग्स्टनला त्यांनी कित्येक चेंडू अंगावर घेतले : बरगड्यांवर, दंडावर, बोटांवर.

कुस्तीचा फड पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कोल्हापूरच्या खासबागेत अंगाने थोराड मल्लापुढे हलका मल्ल उभा राहतो, तेव्हा जाणती माणसे त्याने किती डाव टाकले हे मोजत नाहीत. पाठ मातीला लागू न देता त्याने समोरच्याला किती दमवले, हे ते पाहतात.

गावसकर-गायकवाड जोडीने १३६ धावांची सलामी दिली. ज्या खेळपट्टीवर पुढे सगळा संघ लंगडा झाला, तिथे या दोघांनी चार वेगवान गोलंदाजांचा ताज्या दमाचा मारा झेलला. बळी मिळेना तसे चेंडू आखूड होत गेले. गोलंदाज यष्टींच्या दुसऱ्या बाजूने येऊन थेट अंगाचा वेध घेऊ लागले. एका षटकात तीन-तीन, चार-चार उसळते चेंडू. त्यात छातीच्या उंचीचा बीमरही. गावसकरांनी पंचांकडे तक्रार केली, उपयोग झाला नाही. प्रेक्षक फलंदाजाच्या अंगावर बसलेल्या प्रत्येक चेंडूला दाद देत होते, रक्त मागत होते. गावसकरांनी त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘सनी डेज’ या आत्मकथनात या सामन्यावर एक अख्खे प्रकरण लिहिले. त्याचे शीर्षक ‘बार्बरिझम इन किंग्स्टन’. त्यातला प्रेक्षकांवरचा राग जमैकात बरीच वर्षे पचला नाही. पण तो राग ज्या माणसाने लिहिला तो तिथे बिनहेल्मेटचा उभा होता, हे विसरता कामा नये.

गावसकर ६६ वर होल्डिंगच्या चेंडूवर त्रिफळाचीत झाले. गायकवाड राहिले. दिवस संपला तेव्हाही ते होते. दुसऱ्या दिवशी सकाळी खेळपट्टी आणखी बिघडलेली आणि चेंडू नवा. मोहिंदर ३९ वर गेले. होल्डिंगचा एक चेंडू विश्वनाथ यांच्या हातमोज्यावर आदळून झेल गेला, आणि त्याच चेंडूने त्यांचे बोट मोडले आणि निखळलेही. गायकवाड अजून उभेच होते. धावा ऐंशीच्या पुढे गेलेल्या. पहिल्या दिवसाचा सगळा खेळ आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ मिळून सात तासांहून अधिक वेळ ते खेळपट्टीवर होते.

जेवणाची वेळ जवळ आलेली असताना होल्डिंगचा एक उसळता चेंडू त्यांच्या डाव्या कानावर बसला. गायकवाड कोसळले. कानातून रक्त येऊ लागले. मैदानातून त्यांना बाहेर आणले आणि रुग्णालयात हलवले. कानाचा पडदा फाटला होता. पुढे शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आणि त्या कानाची श्रवणशक्ती कायमची उणावली. कशी खेळी होती आणि कुठे येऊन थांबली! शतकाला एकोणीस धावा कमी होत्या, हा त्यातला सर्वांत लहान तोटा.

ते बाहेर गेल्यावर आत जे झाले, त्याकडे नीट पाहायला हवे. थोड्याच वेळात होल्डरचा एक चेंडू ब्रिजेश पटेल यांच्या तोंडावर बसला, ओठ फाटला, टाके पडले. तेही रिटायर्ड हर्ट. मुंबईचे वीस वर्षांचे दिलीप वेंगसरकर, जन्म राजापूरचा, त्यांनी ३९ धावा काढल्या. बाकी कोणाच्या धावा दोन आकडी होईनात. सहा बाद ३०६ झाल्यावर कर्णधार बिशनसिंग बेदी यांनी डाव घोषित केला. कारण उघड होते. आता आपल्यावर आणि चंद्रशेखर यांच्यावर हा मारा सुरू झाला तर गोलंदाजी करायला हात उरणार नाहीत. हे कोणत्याही डावपेचाचे घोषित करणे नव्हते.

तरीही दुर्दैव संपले नव्हते. वेस्ट इंडिजने ३९१ धावा केल्या. चंद्रशेखर यांनी पाच बळी घेतले, पण क्षेत्ररक्षण करताना बेदी आणि चंद्रशेखर दोघांच्याही हातांना लागले. बदली खेळाडू म्हणून आलेल्या सुरिंदर अमरनाथ यांना अपेंडिक्सचा त्रास सुरू होऊन शस्त्रक्रियेसाठी न्यावे लागले. त्या सामन्यात दौऱ्यावरच्या सगळ्या सतरा खेळाडूंना कधी ना कधी मैदानात उभे राहावे लागले.

दुसऱ्या डावात गायकवाड नव्हते. गावसकर दोन धावांवर गेले. मोहिंदर यांनी एका टोकाने झुंज दिली, पण ९७ वर पाचवा बळी गेला आणि पॅव्हेलियनमधून बाहेर पडायला कोणी नव्हते. वेस्ट इंडिजला तेरा धावा हव्या होत्या. त्यांनी दहा गडी राखून सामना आणि दोन-एक अशी मालिका जिंकली. डाव पुन्हा घोषित केला असे आधी सगळ्यांना वाटले. तो पूर्ण झालेला डाव धरावा, पाच माणसे जायबंदी आहेत म्हणून तो संपला, असा खुलासा बेदी यांनी नंतर केला.

गायकवाडांची ८१ धावांची खेळी आपण हरलेल्या सामन्यातली, म्हणून ती पोर्ट ऑफ स्पेनच्या ४०६ पुढे झाकोळते. पण बचावाचा हिशेब निकालावरून करू नये. तो माणूस समोर असताना संघ कुठे होता आणि नसताना कुठे गेला, ते पाहावे. पहिल्या डावात गायकवाड एका टोकाला असेपर्यंत दोनशेच्या वर धावा झाल्या होत्या. तो खांब गेल्यावर उरलेल्या फलंदाजांपैकी वेंगसरकर सोडून कोणी टिकले नाही. दुसऱ्या डावात तो मुळातच नव्हता, आणि शंभरही झाल्या नाहीत. त्यांनी नव्या चेंडूची धार पहिल्या दिवशी आपल्या अंगावर घेतली नसती, तर मधल्या फळीला ती पहिल्याच तासात घ्यावी लागली असती. मग जखमींची यादी दुसऱ्या दिवशी सुरू झाली ती पहिल्या दिवशी सकाळीच झाली असती. माझा हा अंदाज आहे, पण धावफलक त्याच्या बाजूने आहे.

बचाव करणारा माणूस जायबंदी झाल्यावरच त्याची किंमत आकड्यांत दिसावी, असे इतर खेळांतही घडले आहे. अमेरिकेत केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात २०१२-१३ च्या हंगामात नर्लेन्स नोएल नावाचा सेंटर होता. त्याचे गुण सामन्याला जेमतेम दहा, म्हणजे नजरेत भरावे असे काही नाही. पण प्रतिस्पर्ध्याने टाकलेला चेंडू रिंगपर्यंत पोचू न देणे हे त्याचे काम. सामन्याला सरासरी चारहून अधिक फेकी तो हवेतच अडवत असे. जानेवारीत मिसिसिपीविरुद्ध एकाच सामन्यात बारा फेकी अडवून त्याने विद्यापीठाचा विक्रम केला. १२ फेब्रुवारी २०१३ रोजी फ्लोरिडाविरुद्ध असाच एक सुटलेला खेळाडू अडवायला तो मागून धावत गेला, फेक अडवली, आणि पडताना डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. हंगाम संपला. चारच दिवसांनी टेनेसीने केंटकीला ८८-५८ असे धुऊन काढले. ज्या संघाने आदल्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते, तो त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या मुख्य गटातही पोचला नाही. दुय्यम स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाकडून ५९-५७ असा हरला. नोएल असता तर काय झाले असते हे कोणी सांगू शकत नाही. पण तो अडवत होता तोवर केंटकीची रिंग सुरक्षित होती, एवढे तीस गुणांचा तो पराभव सांगून जातो. बास्केटबॉलमध्ये अडवलेल्या फेकींचा आकडा निदान नोंदवला जातो. क्रिकेटमध्ये सोडलेला चेंडू, अंगावर घेतलेला चेंडू, मधल्या फळीवरून टळलेले षटक यांचा रकानाच नसतो.

सबाईना पार्कमुळे वेस्ट इंडिजचे क्रिकेट मात्र पालटले. किंग्स्टनला सापडलेली चार वेगवान गोलंदाजांची रीत लॉइडने सोडली नाही. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये त्यांनी मालिका तीन-शून्य जिंकली आणि पुढची बरीच वर्षे जगभरचे फलंदाज त्या माऱ्याखाली वाकले. म्हणजे गायकवाड ज्या माऱ्यापुढे सात तास उभे राहिले, तो त्या प्रकारचा पहिलाच मारा होता. त्याला तोंड कसे द्यायचे हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते, कोचिंगच्या पुस्तकात नव्हते, अंगावर घालायला काही साधन नव्हते. नंतरच्या पिढ्यांनी हेल्मेट, छातीचे गार्ड, दंडाचे गार्ड वापरून जे केले, ते त्यांनी चष्मा आणि बॅट एवढ्यावर केले.

माणूस मोडला असता तर कोणी नावे ठेवली नसती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडचा संघ भारतात आला, आणि गायकवाड पुन्हा संघात होते. त्यांचे पहिले कसोटी शतक कोणाविरुद्ध झाले असेल, तर वेस्ट इंडिजविरुद्धच, फेब्रुवारी १९७९ मध्ये कानपूरला, १०२ धावा. त्या संघात केरी पॅकरच्या व्यावसायिक मालिकेकडे गेलेले मोठे गोलंदाज नव्हते, हे खरे. पण फेब्रुवारी १९८३ मध्ये भारत पुन्हा सबाईना पार्कवर उतरला, तेव्हा समोर होल्डिंग होता, रॉबर्ट्स होता, मार्शल होता, आणि सलामीला तीच जोडी : गावसकर आणि गायकवाड. धावा फार झाल्या नाहीत. तरी ज्या मैदानातून रक्ताळलेल्या कानाने बाहेर नेले, तिथेच पुन्हा नव्या चेंडूपुढे उभे राहणे हे त्या माणसाचे सगळे सांगते.

त्यांनी एकूण ४० कसोटी खेळल्या, १९८५ धावा केल्या. पुढे ते भारताचे प्रशिक्षक झाले. फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्लीत कुंबळेने पाकिस्तानचे दहाच्या दहा बळी घेतले, तेव्हा संघाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. किंग्स्टनची हकिगत त्यांनी पुढे ‘गट्स अमिडस्ट ब्लडबाथ’ या पुस्तकात सांगितली. २०२४ च्या फेब्रुवारीत पंचाण्णव वर्षांचे दत्ताजीराव गेले, आणि त्याच वर्षी ३१ जुलैला, रक्ताच्या कर्करोगाशी झगडून, अंशुमन गेले. उपचारासाठी क्रिकेट मंडळाने एक कोटी रुपये दिले. कपिल देव यांनी आपले निवृत्तिवेतन द्यायची तयारी दाखवली. जुने सहकारी धावून आले.

१९८३ च्या सप्टेंबरात जालंधरला पाकिस्तानविरुद्ध गायकवाडांनी २०१ धावा केल्या. त्यासाठी त्यांना ६७१ मिनिटे लागली, अकरा तासांहून जास्त. प्रथम श्रेणी क्रिकेटमधले तोवरचे सर्वांत संथ द्विशतक म्हणून त्याची नोंद झाली, आणि नंतर बरीच वर्षे ते संथपणाचे उदाहरण म्हणून सांगितले गेले. ज्यांनी तसे सांगितले त्यांनी ती खेळी आणि किंग्स्टनची खेळी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. दोन्ही एकाच माणसाच्या, एकाच कसबाच्या. बाद व्हायचे नाही, हेच त्यांचे काम होते, आणि संघाने त्यांना त्यासाठीच निवडले होते.